तोल सावरेल, पण किती अंशांवर?

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत 'इतर विषय' निघाले तेव्हा रात्रीचे पावणेदहा झाले होते आणि विषय होता डक्टचा. घोडबंदर रोडवरच्या आमच्या इमारतीत बी विंगच्या मागे दोन भिंतींच्या मधे सहा फुटांचा उभा बोळ आहे. मूळ नकाशात तो बाथरूमच्या खिडक्या आणि पाइपांसाठी होता. गेल्या दहा-बारा वर्षांत त्यात एसीची आउटडोअर युनिटं चढत गेली. मी मोजली, एकोणतीस आहेत. मे महिन्यात खालची युनिटं जी गरम हवा फेकतात ती बोळातून वर चढते. वरची युनिटं तीच हवा ओढतात आणि तीत आपली भर घालतात. गरम हवेत उष्णता ढकलायची म्हणजे कॉम्प्रेसरला जास्त दम लागतो, म्हणजे वीज जास्त, म्हणजे बाहेर पडणारी उष्णताही जास्त. दहाव्या मजल्यावरच्यांनी कंटाळून दीड टनाचा एसी काढून दोन टनाचा बसवला. त्या आठवड्यापासून बाराव्या मजल्यावरचा रात्री ट्रिप व्हायला लागला.

सभेत कोणीतरी म्हणालं, हे सगळं हवामानबदलामुळे आहे. त्यावर दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर म्हणाले, "अहो, निसर्ग आपला तोल आपणच सावरतो. आपण कशाला डोकं लावायचं?" मागच्या खुर्चीवरून एक तरुण मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता बोलला, "काका, आता उपयोग नाही. टिपिंग पॉइंट गेला. एकातून दुसरं वाढत जाणार, थांबणारच नाही." सेक्रेटरींनी दोघांचे आभार मानले आणि विषय पुढच्या सभेवर ढकलला.

मी एकतीस वर्षं ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळले. हवामानशास्त्र माझा विषय नाही, पण उष्णता कुठून येते, कुठे जाते आणि मधे कुठे अडते याचा हिशोब हा माझ्या पोटापाण्याचा धंदा होता. त्या दोघांची विधानं अर्धी अर्धी खरी आहेत. गंमत अशी की एकमेकांच्या उलट असूनही दोन्हींचा निष्कर्ष एकच निघतो: आपण काही करायला नको. या लेखाचं भांडण त्या निष्कर्षाशी आहे.

बॉयलरखान्यात आम्हाला दर महिन्याला हीट बॅलन्स काढावा लागे. कोळशातून किती उष्णता आली, वाफेतून किती गेली, धुराड्यातून किती, अंगच्या पत्र्यातून किती. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर एकतर तुमचं गणित चुकलं किंवा उष्णता कुठेतरी साठते आहे. पृथ्वीचा ताळेबंद याहून सोपा आहे, कारण तिथे येण्याजाण्याची वाट एकच, प्रारण, म्हणजे किरणांतून जाणारी उष्णता. सगळ्या गोलावर, दिवसरात्र धरून सरासरी काढली तर सूर्याकडून दर चौरस मीटरला सुमारे ३४० वॅट येतात. त्यातले शंभरेक वॅट ढग, बर्फ, वाळू वगैरे तसेच परत पाठवतात. उरले २४०. तेवढेच अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर गेले पाहिजेत. वातावरणातले उष्णता अडवणारे वायू नसते, तर २४० वॅट बाहेर टाकायला जमिनीला उणे १८ अंश तापमान पुरलं असतं. प्रत्यक्षात पृथ्वीची सरासरी १५ अंशांच्या आसपास आहे. मधले ३३ अंश ही हवेतल्या वाफेची आणि कार्बन डायऑक्साइडची कमाई. तिच्यावरच आपण जगतो.

ज्याने बॉयलर पाहिला आहे त्याला हे समजावायला काचघर लागत नाही. नळीत पाण्याच्या बाजूने स्केल, म्हणजे क्षारांचा थर, धरलं की काय होतं? स्केल स्वतः उष्णता तयार करत नाही. पण आगीची उष्णता पाण्यापर्यंत पोचायला त्या थरातून जावं लागतं, आणि तेवढीच उष्णता पलीकडे ढकलायची तर नळीच्या धातूला जास्त तापावं लागतं. दोन मिलिमीटरचा थर, दिसायला पापडासारखा, आणि नळी लाल होऊन फुगते. कार्बन डायऑक्साइड म्हणजे पृथ्वीच्या नळीवरचं स्केल. कारखानदारीच्या आधी हवेत दहा लाख भागांत २८० भाग होतं, आता ४२०च्या वर गेलं आहे.

आता त्या 'एकातून दुसरं'कडे येतो. इंग्रजी फीडबॅकला आपली वर्तमानपत्रं 'सकारात्मक प्रतिसाद' आणि 'नकारात्मक प्रतिसाद' म्हणतात. वाचणाऱ्याला वाटतं सकारात्मक म्हणजे चांगली बातमी. वास्तविक तोच घातक. आमचा एक फोरमन याला सरळ 'भर घालणारा फेरा' आणि 'आवर घालणारा फेरा' म्हणायचा. नळीतलं स्केल हा भर घालणारा: स्केलने धातू तापतो, तापलेल्या धातूवर क्षार जास्त बसतात, स्केल आणखी वाढतं. दाब वाढला की आपोआप उघडून वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह हा आवर घालणारा. मी त्याचेच शब्द वापरतो.

पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा भर घालणारा फेरा पाण्याच्या वाफेचा, आणि तो ठाणेकराला शिकवायची गरज नाही. माझं आजोळ जळगावचं. लहानपणी मे महिन्यात दुपारी ४३-४४ अंशांत आम्ही दारं लावून बसायचो, पण रात्री मामा सगळ्यांच्या वळकट्या धाब्यावर टाकायचे आणि पहाटे चादर अंगावर ओढावी लागायची. आकाश कोरडं, दिवसभराची उष्णता थेट वर निघून जायची. ठाण्यात पारा जळगावइतका चढत नाही, पण रात्री दीड वाजता उशी ओली असते. खाडी आणि समुद्र हवेत वाफ भरतात आणि ती वाफ जमिनीची उष्णता वर जाऊ देत नाही. आता यात फेरा कुठे? हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते. जास्त वाफ म्हणजे जाड पांघरूण, म्हणजे आणखी ताप, म्हणजे आणखी वाफ.

इथे तो मोबाइलवाला मुलगा म्हणेल, बघा, थांबतच नाही. थांबतं, आणि कुठे थांबतं याचा हिशोब पाटीवर मांडता येतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर बाहेर जाणारे चारपेक्षा किंचित कमी वॅट अडतात. दुसऱ्या बाजूला निसर्गाचा सेफ्टी व्हॉल्व्ह आहे: कुठलीही वस्तू तापली की तिचं प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. पृथ्वीच्या बाबतीत पृष्ठभाग एक अंशाने तापला की सव्वातीन वॅट जादा अवकाशात जातात. भागाकार केला की १.२ अंश. फेरे नसते तर दुपटीची किंमत एवढीच होती. आता फेरे धरा. सगळे मिळून दर अंशामागे आणखी ०.६ अंश भर घालतात असं समजू. १.२ मुळे ०.७२ वाढले, त्या ०.७२ मुळे ०.४३, मग ०.२६, मग ०.१६. दर फेरीला भर कमी होत जाते आणि बेरीज ३ अंशांवर थांबते. आज दुपटीसाठी शास्त्रज्ञांचा सर्वोत्तम अंदाज याच ३ अंशांचा आहे. फेरा अनंत फिरतो, तरी बेरीज मर्यादित राहते. समुद्र उकळून संपेल इथवर जाणारा फेरा शुक्रावर झाला असावा. आपण त्याच्या जवळपासही नाही.

पण मॅनेजरसाहेबांनी इथे लगेच हसू नये. ०.६ च्या जागी ०.७ घातले की बेरीज ३ वर न थांबता ४ वर जाते. ०.५ घातले तर २.४. मधल्या आकड्यात दशांशाचा फरक, आणि शेवटी अख्ख्या अंशाचा. 'शास्त्रज्ञांचंच एकमत नाही' असं जे चहाच्या टपरीवर ऐकू येतं त्याचं मूळ या दशांशात आहे, आणि अनिश्चितता दोन्ही बाजूंना सारखी नाही. खालच्या बाजूला थोडंसं सुटतं, वरच्या बाजूला बरंच अंगावर येतं. सेफ्टी व्हॉल्व्ह कदाचित बरोबर चालेल, कदाचित थोडा चिकटेल, म्हणून मी कधी आग वाढवली नाही. तसं केलं असतं तर हा लेख लिहायला उरलो नसतो.

आणि हे ज्ञान कालचं नाही. स्वीडनच्या आऱ्हेनियस या शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये, कागद-पेन्सिलीने, वाफेचा फेरा धरून दुपटीचं गणित केलं. उत्तर पाच-सहा अंश आलं, म्हणजे आजच्यापेक्षा जास्त. १९६७ मध्ये स्युकुरो मानाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी संगणकावर तेच नीट बांधलं. मानाबेंना त्यासाठी नोबेल मिळालं ते २०२१ मध्ये.

बाकीचे फेरे भराभर सांगतो. बर्फाचा: ताजं हिम आलेल्या उन्हातलं ८०-९० टक्के परत पाठवतं, उघडा समुद्र दहा टक्केही नाही. बर्फ वितळला की पांढऱ्याच्या जागी काळं येतं. भांडुप-कांजूरच्या बाजूच्या मिठागरांवरून दुपारी गाडी नेली की मिठाच्या ढिगांकडे डोळे उघडून बघवत नाही आणि शेजारचा चिखल काळाशार निवांत असतो. तोच फरक. उत्तरेकडच्या कायम गोठलेल्या जमिनीचा: तिच्यात हवेतल्यापेक्षा जवळपास दुप्पट कर्ब अडकलेला आहे, पण तो फुटणारा बॉम्ब नाही, गळणारी टाकी आहे. ढगांचा फेरा मात्र सगळ्यांत तिरपागडा, कारण ढग दोन्ही कामं करतात. दिवसा ऊन अडवतात, रात्री उष्णता अडवतात. आभाळ आलं की थंडी पळते आणि हरभऱ्यावर घाटेअळी येते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवलेलं नाही. उपग्रहांच्या मोजणीवरून हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवलं की एकूण हिशोबात ढग पृथ्वीला गार ठेवतात. पृथ्वी तापत गेली की ही गार ठेवण्याची ताकद काहीशी कमी होईल असं आता दिसतं. किती, तिथेच तो दशांशाचा घोळ आहे.

याच संदर्भात एक गोष्ट आपल्या अगदी दारातली. न्हावाशेवा बंदरात येणारी मोठी जहाजं पूर्वी ३.५ टक्क्यांपर्यंत गंधक असलेलं जाड तेल जाळायची. १ जानेवारी २०२० पासून जगभर ती मर्यादा ०.५ टक्के झाली. बंदराकाठच्या माणसांच्या फुप्फुसांसाठी हे उत्तमच झालं. पण त्या गंधकाच्या धुरामुळे समुद्रावरचे खालचे ढग अधिक पांढरे होत आणि थोडं ऊन परत जाई. तो पांढरेपणा कमी झाला. (हा फेरा नव्हे, बाहेरून बसलेला धक्का आहे. दोन्हींची गल्लत करू नये.) आपण एका हाताने स्केल चढवत होतो आणि दुसऱ्या हाताने धुराचा पडदा धरून ते झाकत होतो, एवढं त्यातून कळलं.

मग आज ताळेबंद काय म्हणतो? उपग्रह येणारं-जाणारं प्रारण मोजतात आणि समुद्रात तरंगणारे हजारो आर्गो फ्लोट पाण्याचं तापमान मोजतात. दोन वेगळ्या वह्या, दोन्हींत एकच उत्तर: २००५ ते २०१९ या काळात शिल्लक राहणारी उष्णता साधारण दुप्पट झाली, अर्ध्या वॅटच्या आसपासून एका वॅटच्या आसपास. २४० मध्ये एक. ऐकायला किरकोळ. पण पृथ्वीच्या एकूण क्षेत्रफळाने गुणलं की सगळी मानवजात सगळ्या इंधनांतून जेवढी ऊर्जा वापरते तिच्या वीस-पंचवीस पट होते. यातली सुमारे नव्वद टक्के समुद्रात जाते. म्हणून आपल्याला अजून पुरता चटका बसलेला नाही.

मे महिन्यात रात्री दहाला आमच्या गच्चीवर अनवाणी जा. सूर्य सातला मावळलेला, वारा सुटलेला, पण तळपायांना स्लॅब अजून कोमट लागतो, आणि खाली बाराव्या मजल्यावर पंखा छताची उष्णता खाली ढकलत असतो. समुद्र हा पृथ्वीचा स्लॅब आहे, फक्त त्याची रात्र शेकडो वर्षांची.

तर, निसर्ग तोल सावरतो का? सावरतो. एक वॅट शिल्लक राहतो आहे म्हणूनच पृथ्वी तापते आहे, आणि २४० पुन्हा २४०ला भिडेपर्यंत तापेल. हेच ते सावरणं. मॅनेजरसाहेब ज्याला दिलासा समजतात ते तापमानवाढीचं दुसरं नाव आहे. सव्वातीन वॅटच्या व्हॉल्व्हला ठाण्यात भात पिकतो की नाही, खाडीला भरती किती चढते, याच्याशी कर्तव्य नाही. त्याला फक्त हिशोब जुळवायचा आहे.

आणि त्या मुलासाठीही बातमी आहे, त्याला आवडेल की नाही माहीत नाही. आजच्या समजुतीप्रमाणे कार्बन डायऑक्साइडचं निव्वळ उत्सर्जन खरोखर शून्यावर आलं तर तापमानवाढ जवळपास तिथेच थांबते. समुद्राची राहिलेली उष्णता वर येऊ पाहते, पण त्याच वेळी समुद्र आणि जंगलं हवेतला कार्बन शोषत राहतात, आणि दोन्ही बऱ्यापैकी कटतात. वाढलेलं खाली येत नाही, पण पुढचं थांबतं. म्हणजे 'गाडी गेली' असा एक क्षण नसतो. दर टनाला, दर दशांशाला किंमत आहे. निराशा ही इथे चुकीची आकडेमोड आहे.

आता डक्ट. इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशी थोडं भांडायचं आहे. एसीच्या उष्णतेने पृथ्वी तापते, असं पर्यावरणाच्या भाषणांत सर्रास म्हणतात. थेट तशी ती तापत नाही. माणसाच्या सगळ्या यंत्रांतून निघणारी उष्णता पृथ्वीभर पसरली तर चौरस मीटरला ०.०४ वॅट होते, शिल्लक राहणाऱ्या एका वॅटपुढे चिल्लर. पृथ्वी तापते ती एसीची वीज कोळशावर होते म्हणून आणि गळणाऱ्या गॅसमुळे. आपल्या देशाची सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशाचीच आहे. पण तीच चिल्लर उष्णता सहा फुटांच्या बोळात, घोडबंदर रोडवर किंवा वाशीच्या सेक्टरमध्ये कोंडली की चिल्लर राहत नाही. दीड टनाचा एसी खोलीतली पाच किलोवॅट उष्णता काढतो, वर स्वतःची दीड किलोवॅट घालतो आणि साडेसहा किलोवॅट खिडकीबाहेर टाकतो. एकोणतीस युनिटं एकदम चालली तर एका बोळात जवळपास १९० किलोवॅट. मी लहान बॉयलर यापेक्षा फार मोठे पाहिलेले नाहीत.

आणि माणूस हाही एक ताळेबंद आहे. आपला आवर घालणारा फेरा म्हणजे घाम. तो सुकला तरच उष्णता जाते. दमट हवेत तो सुकत नाही, नुसता ओघळतो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानावर भर दुपारी जमलेल्या गर्दीतली १४ माणसं उष्माघाताने गेली. त्या दिवशी नवी मुंबईचा पारा ३८च्या आसपास होता. जळगावात या आकड्याला कोणी टोपी घालत नाही. पारा हा हिशोबाचा एकच रकाना आहे, हे त्या दिवशी आपल्याला कळायला हवं होतं.

ठाणे महापालिकेने उष्मा कृती आराखडा केला हे चांगलंच झालं. पाणपोया, दवाखान्यात खाटा, दुपारी काम बंद, सगळं हवं. पण हे सगळं नळी फुटल्यानंतरचं. माझं म्हणणं आहे की ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी बांधकामाचा नकाशा मंजूर करतानाच एक प्रश्न विचारावा: या इमारतीची उष्णता जाणार कुठे? पार्किंग किती, पाणी किती, अग्निशमनाचा जिना कुठे, हे विचारतातच ना? मग एसीची युनिटं कुठे बसणार ते नकाशात दाखवा, आणि बंद डक्टमध्ये दाखवलीत तर मंजुरी नाही. ऊन येणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर अखंड काच नाही. गच्ची उजळ. दिवसाचं कमाल तापमान जाहीर करता, तसं रात्रीचं किमान आणि आर्द्रताही वॉर्डनिहाय मोजा, कारण आपल्याकडे माणूस रात्री शिजतो. आणि खाडीकाठच्या पाणथळ जागांना 'मोकळी जमीन' म्हणणं बंद करा. ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला तो फ्लेमिंगोंचे फोटो काढायला नव्हे. या दोन शहरांना वारा याच वाटेने येतो.

यावर बिल्डर म्हणतील, खर्च वाढेल. वाढेल. आज तो खर्च बाराव्या मजल्यावरचं कुटुंब वीज बिलातून भरतंच आहे, फक्त ते कोणाच्या कोटेशनमध्ये दिसत नाही.

गच्चीबद्दल एक आडवाट. जुन्या ठाण्यातल्या इमारतींवर चायना मोझेक असायचं, पांढऱ्या फुटक्या टाइल्सचं. वॉटरप्रूफिंगसाठी लावलेलं, पण ऊनही परत पाठवायचं. आता गळती लागली की थेट पत्र्याची शेड, आणि रंग हमखास गडद निळा. शेडला माझा विरोध नाही, ती स्लॅबला सावली देते. पण निळाच का, हे मला अजून एकाही कंत्राटदाराने सांगितलेलं नाही. पांढरा रंग मारावा तर आपल्या पावसात एका मोसमात शेवाळाने काळा पडतो, दर दिवाळीला घासून पुन्हा हात मारावा लागतो. आणि सौर पॅनेल काळंच असतं, मग ते कसं चालतं, असं विचाराल तर: ते जेवढं ऊन शोषतं त्याचा त्रास ते असेपर्यंतच. त्याच्यामुळे न जळलेल्या कोळशाचा कर्ब मात्र हवेत शतकानुशतकं पांघरूण बनून राहिला असता.

सभेनंतर मी आणि बाराव्या मजल्यावरचे गृहस्थ बॅटरी घेऊन गच्चीवर गेलो. कठड्यावरून डक्टमध्ये हात धरला. रात्रीचे साडेदहा, आणि खालून हेअर ड्रायरसारखी झळ. वरची सहा युनिटं उचलून गच्चीच्या उत्तर कडेला आणायची तर तांब्याचा पाइप, गॅस आणि मजुरी धरून किती होतील, याचं कोटेशन मी एसीवाल्याकडून मागवलं आहे. मॅनेजरसाहेबांचं म्हणणं आहे की पैसे ज्याचे त्याने द्यावेत. त्यांचं युनिट दुसऱ्या मजल्यावर, सगळ्यांच्या खाली आहे.